हेमिंग्वे-नायक

पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कथा-कादंबरीत घडलेला नायकाचा एक प्रकार. अर्नेस्ट हेमिंग्वे (21 जुलै 1899 – 2 जुलै 1961) याच्या लेखनावरून समीक्षकांनी ही संज्ञा रूढ केली. रणांगणावर गाजवलेला पराक्रम हे या नायकाचे लक्षण नव्हे. जखम, पराभव किंवा मृत्यू आता टळत नाही हे कळून चुकल्यावर माणूस कसा वागतो, हातातले काम किती नेटके करतो आणि त्याविषयी किती कमी बोलतो, यावर त्याचे मोठेपण ठरते. हेमिंग्वेचे मोजके, विशेषणे टाळणारे गद्य या घडणीपासून वेगळे काढता येत नाही. नायक ज्या गोष्टीबद्दल बोलत नाही, तीच बहुधा निवेदकही वगळतो.

युद्धातील शौर्याकडे संशयाने पाहणे ही हेमिंग्वेची एकट्याची देणगी नव्हे. स्टीफन क्रेनच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’मध्ये (1895) पळून गेलेला सैनिक नायकपदी आहे. जॉन डॉस पॅसोसची ‘थ्री सोल्जर्स’ (1921) आणि ई. ई. कमिंग्जचे ‘द एनॉर्मस रूम’ (1922) ही पुस्तकेही हेमिंग्वेच्या आधीची. त्याच सुमारास विला कॅथरच्या ‘वन ऑफ अवर्स’ (1922) या कादंबरीत मात्र जुन्या धर्तीचा वीरमृत्यू आहे. तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि तिच्यातील लढाईचे वर्णन एका मूकपटावरून उचलले आहे, अशी टीका हेमिंग्वेने एका खाजगी पत्रात केली. विल्यम फॉकनरचेही आरंभीचे लेखन युद्धावरून परतलेल्या सैनिकाभोवती फिरते, पण त्याचे लांबलचक, गुंतागुंतीचे वाक्य ही वेगळी वाट आहे.

या घडणीचे सूत्र ‘अ फेअरवेल टू आर्म्‌स’ (1929) या कादंबरीच्या सत्ताविसाव्या प्रकरणात सापडते. पवित्र, उज्ज्वल, बलिदान हे शब्द कानी पडले की आपल्याला नेहमी संकोच वाटे, असे नायक फ्रेडरिक हेन्री तेथे सांगतो. गावांची नावे, रस्त्यांचे आणि पलटणींचे क्रमांक, नद्यांची नावे, तारखा एवढ्यांनाच काय ती प्रतिष्ठा उरली होती, असे त्याचे म्हणणे. याच कादंबरीत इस्पितळात पडलेल्या हेन्रीला त्याचा मित्र रिनाल्डी विचारतो, की तू काही शौर्याचे कृत्य केलेस का? तसे काही असेल तर रौप्यपदक मिळवता येईल. हेन्री सांगतो, आम्ही चीज खात होतो तेव्हा तोफगोळा पडला. शौर्याची सगळी जुनी भाषा या एका उत्तरात निकालात निघते, आणि त्यासाठी लेखकाला एकही विशेषण लागत नाही.

जखमेचा प्रश्न : हेमिंग्वे 1918 च्या उन्हाळ्यात अमेरिकन रेड क्रॉसतर्फे इटलीच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवीत होता. 8 जुलै 1918 च्या रात्री फोसाल्टा दि पियावेजवळ सैनिकांना चॉकलेट व सिगारेटी वाटत असताना ऑस्ट्रियन तोफगोळ्याने तो जखमी झाला. इटलीने त्याला रौप्यपदक दिले. पायांत 227 तुकडे शिरल्याचा आकडा त्याने स्वतः घरच्यांना कळवला होता. जखमी अवस्थेत त्याने एका इटालियन सैनिकाला उचलून नेले, या हकीकतीबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. कार्लोस बेकर (1969) ती स्वीकारतो; केनेथ लिनने (1987) तीबद्दल गंभीर शंका घेतली आहे.

समीक्षक फिलिप यंगने 1952 मध्ये असा सिद्धांत मांडला, की ही जखम हेच हेमिंग्वेच्या सर्व लेखनाचे मूळ होय. लिनने त्याऐवजी बालपण आणि आईशी असलेले ताणलेले संबंध पुढे केले. दोन्ही मते लेखनातून लेखकाचा आजार शोधतात. हेमिंग्वेला स्वतःला यंगची मांडणी मुळीच रुचली नव्हती. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. कापोरेत्तोच्या लढाईनंतरची इटालियन सैन्याची माघार (ऑक्टोबर–नोव्हेंबर 1917) हा ‘अ फेअरवेल टू आर्म्‌स’चा गाभा आहे आणि ती झाली तेव्हा हेमिंग्वे इटलीत पोहोचलेलाही नव्हता. वाचन, नकाशे आणि इतरांच्या आठवणी यांवरून त्याने ती उभी केली असावी. जखमेइतकेच श्रेय या अभ्यासाला देणे योग्य ठरेल.

शैलीचा उगम : यावरील मतभेद अधिक जुने आहेत. एक मत वृत्तपत्राकडे बोट दाखवते. ऑक्टोबर 1917 पासून सुमारे सहा महिने हेमिंग्वे ‘कॅन्सस सिटी स्टार’मध्ये उमेदवारी करत होता. वाक्ये आखूड लिहा, पहिला परिच्छेद छोटा ठेवा, भाषा जोमदार असू द्या, अशा सूचनांनी त्या पत्राची लेखन-नियमावली सुरू होई. तिचे ऋण त्याने पुढे मान्य केले, आणि चार्ल्स फेंटनने (1954) याच काळावर भर दिला. दुसरे मत पॅरिसला महत्त्व देते. तेथे लेखिका गर्ट्रूड स्टाइनकडून त्याने शब्दांच्या पुनरावृत्तीचा वापर शिकला आणि कवी एझरा पाउंडकडून अनावश्यक शब्द खोडण्याची शिस्त. तिसरा धागा ‘टोरंटो स्टार’साठी पाठवलेल्या वार्तापत्रांचा आणि शब्दागणिक पैसे मोजाव्या लागणाऱ्या तारांचा आहे.

नियमावलीचे मत लोकप्रिय असले तरी ते अपुरे आहे, कारण हेमिंग्वेचे वाक्य नेहमी आखूड नसते. ‘अ फेअरवेल टू आर्म्‌स’चा पहिला परिच्छेद चार वाक्यांचा आणि 126 शब्दांचा आहे. त्यात ‘आणि’ या अर्थाचे अव्यय 15 वेळा येते. नदीतले गोटे, रस्त्याने जाणारी पलटण, उडणारी धूळ, झाडांची पाने ही एकामागून एक फक्त जोडली जातात; कारण, हेतू, भावना सांगणारी उपवाक्ये नसतात. असे वाक्य वृत्तपत्राच्या उपसंपादकाने बहुधा तोडले असते. त्याची लय पॅरिसमधील शिक्षणाशी अधिक जुळते.

वार्तांकनाचे कथेत रूपांतर कसे झाले, हे पॅरिसला 1924 मध्ये निघालेल्या ‘इन अवर टाइम’ या छोट्या पुस्तकातील एका तुकड्यात स्पष्ट दिसते. सकाळी साडेसहाला सहा मंत्र्यांना इस्पितळाच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या जातात. अंगणात पाण्याची डबकी आहेत, फरशीवर ओली पाने पडली आहेत, इस्पितळाच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या आहेत. एक मंत्री विषमज्वराने आजारी असल्याने त्याला उभे राहता येत नाही. तो डबक्यात गुडघ्यांवर डोके ठेवून बसलेला असताना बंदुका झडतात. 28 नोव्हेंबर 1922 ला अथेन्समध्ये झालेल्या देहदंडावर हा मजकूर आधारलेला आहे. प्रत्यक्षात त्या सहांमध्ये पाच राजकारणी व एक सेनापती होता आणि हेमिंग्वे तेथे हजर नव्हता. विषमज्वराचा रुग्ण मात्र खरा. तो माजी पंतप्रधान गुनारिस. तुकड्यात कोणाचेही नाव नाही, देशाचे नाही, गुन्ह्याचेही नाही.

वगळण्याचे तत्त्व : ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये (1932) हेमिंग्वेने हिमनगाचे उदाहरण दिले. त्याचा फक्त एक अष्टमांश भाग पाण्यावर असतो म्हणून त्याची हालचाल भारदस्त दिसते. लेखकाला जे पक्के ठाऊक आहे ते गाळले तरी वाचकाला जाणवते. ठाऊक नाही म्हणून गाळले, तर लेखनात पोकळी राहते. या तत्त्वाचा हा दुसरा अर्धा भाग अनुकरण करणारे विसरतात. ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (1925) या कथेत निक ॲडम्स जळून गेलेल्या गावावरून पुढे जातो, तंबू ठोकतो, डबे फोडून जेवण गरम करतो, कॉफी उकळतो, मासे पकडतो. युद्धाचा उल्लेख येत नाही. ही कथा युद्धावरून परतण्याची आहे, असे हेमिंग्वेने पुढे लिहिले. समीक्षक माल्कम काउलीने 1944 मध्ये तसा अर्थ सुचवला होता. लिनला तो मान्य नाही. काजळीने काळे पडलेले नाकतोडे आणि निकची प्रत्येक काम क्रमाने, जपून करण्याची धडपड पाहता काउलीचे वाचन अधिक पटते.

संज्ञा : यंगने दोन व्यक्तिरेखा वेगळ्या केल्या. निक, ‘द सन ऑल्सो रायझेस’मधील जेक बार्न्स, फ्रेडरिक हेन्री हे घायाळ, शिकणारे नायक. त्यांना वागण्याची संहिता दाखवणारा तो संहिता-नायक. हा बहुधा बैलझुंजीतला मातादोर, मुष्टियोद्धा किंवा शिकारी असतो. ‘संहिता’ ही कल्पना मात्र यंगच्या आधी, रॉबर्ट पेन वॉरनच्या 1947 च्या निबंधातही आहे. धैर्य म्हणजे दडपणाखालीही न ढळणारा डौल, ही व्याख्या डोरोथी पार्करच्या 1929 मधील लेखामुळे प्रसिद्ध झाली; हेमिंग्वेने ती 1926 मध्ये स्कॉट फिट्सजेरल्डला लिहिलेल्या पत्रात वापरलेली आढळते. स्त्रियांना या संहितेत दुय्यम जागा मिळते, हा आक्षेप रास्त आहे.

‘फॉर हूम द बेल टोल्स’मध्ये (1940) स्पेनच्या यादवी युद्धाच्या निमित्ताने ध्येयासाठी मरणारा नायक परत येतो आणि गद्यही सैल होते. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधील (1952) सँतियागो युद्धापासून दूर असला, तरी संहिता-नायकाचे ते सर्वांत परिचित रूप आहे. 1954 मध्ये हेमिंग्वेला नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी वाचकांची या नायकाशी ओळख मुख्यतः सँतियागोमुळे, पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून झाली.