मिश्री आणि एकदाच चालणारं एन्झाइम

पुण्याच्या वस्त्यांमध्ये, मुळशी-भोरकडून येऊन राहिलेल्या कितीतरी घरांत, बायकांची सकाळ अजूनही मिश्रीनेच होते. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो, मग ती चुरून डबीत भरायची. बोटावर चिमूटभर घेऊन हिरड्यांना घासायची आणि तशीच तोंडात धरून कामाला लागायचं. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे कारण ठरलेलं. मिश्री म्हणजे दात घासायची पूड, असाच समज असल्यामुळे डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं, की बिनदिक्कत ‘नाही’ असं उत्तर येतं.

तोंडाच्या अस्तरातल्या पेशींना मात्र हा फरक कळत नाही. तंबाखू वाळवताना, मुरवताना तिच्यातल्या निकोटीनपासून नायट्रोसामाइन वर्गातली रसायनं तयार होतात. त्यांतलं एनएनके हे कर्करोगासाठी फार कुप्रसिद्ध. गंमत अशी, की ते मुळात तसं गरीब असतं. शरीर त्याला बाहेर काढण्यासाठी त्याच्यावर प्रक्रिया करायला जातं आणि त्या खटाटोपात एक उतावळा मिथाइल गट सुटतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. तो डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेल्या ग्वानिनच्या सहाव्या स्थानावरच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटला, की पंचाईत होते. ग्वानिनची जोडी सायटोसिनशी जमायला हवी. मिथाइल चिकटलेलं ग्वानिन थायमिनशी सूत जुळवतं. पेशी पुन्हा दोनदा विभागली, की एका शाखेत जी-सीच्या (ग्वानिन-सायटोसिन) जागी ए-टी (अ‍ॅडेनिन-थायमिन) ही जोडी कायमची बसते. मग ती चूक म्हणून ओळखताही येत नाही.

डीएनएची बहुतेक दुरुस्ती कापाकापीची असते. बिघडलेला तुकडा काढायचा, समोरच्या धाग्यावरून वाचून नवा भरायचा. या मिथाइलसाठी मात्र पेशीकडे वेगळाच गडी आहे, एमजीएमटी नावाचं २०७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. त्यातलं १४५ क्रमांकाचं अमिनो आम्ल, सिस्टीन, तो मिथाइल गट स्वतःवर ओढून घेतं आणि ग्वानिन जसंच्या तसं मोकळं होतं. पण सिस्टीनवर बसलेला मिथाइल पुन्हा निघत नाही. मधमाशी डंख मारून मरते, तसं हे प्रथिन एक दुरुस्ती करून निकामी होतं आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. जीवाणूंमधल्या अशाच प्रथिनाचा हा आत्मघातकी व्यवहार १९८० साली टोमास लिंडाल आणि सहकाऱ्याने दाखवला. डीएनए-दुरुस्तीवरच्या कामासाठी लिंडाल यांना पुढे २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

खरं तर याला एन्झाइम म्हणावं का, असाच प्रश्न पडतो. एन्झाइम काम करून पुन्हा कामाला तयार असतं. इथे जितके मिथाइल तितकी प्रथिनं खर्ची पडतात. साठा संपला तर नवीन तयार होईपर्यंत डीएनए उघडं पडतं. रोज, वर्षानुवर्षं, तीच हिरडी आणि तोच गाल. त्यातून एखादी चूक पी५३सारख्या जनुकात झाली, तर बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पहारेकरीच जातो. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेलं सापडतं. शिवाय तंबाखू भाजताना बेंझोपायरीनसारखी रसायनं तयार होतात, त्यांनी होणाऱ्या जखमा वेगळ्या आणि त्यांची दुरुस्तीही वेगळी.

आता याच प्रथिनाची दुसरी बाजू. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर टेमोझोलोमाइड देतात. हे औषध ग्वानिनच्या त्याच ऑक्सिजनवर तोच मिथाइल मुद्दाम चिकटवतं. काही गाठींमध्ये एमजीएमटीचं जनुक बंद पडलेलं असतं. तेही, योगायोग पाहा, जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट बसल्यामुळेच. फक्त इथे ते सायटोसिनवर असतात आणि ती जखम नसते, तो पेशीचा स्वतःचा खटका असतो. अशा गाठीला दुरुस्ती जमत नाही. चुकीच्या जोड्या काढणारी दुसरी यंत्रणा नवा धागा पुन्हा पुन्हा कापते, समोर तेच बिघडलेलं ग्वानिन, म्हणून पुन्हा थायमिनच बसतं. शेवटी धागे तुटतात आणि पेशी मरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं जनुक बंद असलेले रुग्ण नुसत्या रेडिएशनवर मध्यकाने (निम्मे त्याहून कमी, निम्मे जास्त) १५.३ महिने जगले, सोबत औषध दिल्यावर २१.७ महिने. जनुक चालू असलेल्यांत हाच फरक महिन्याभराच्या आत होता. मेंदूच्या गाठीच्या रिपोर्टात ‘एमजीएमटी’ची ओळ असते ती यासाठी.

मग ज्यांच्यात जनुक चालू आहे, त्यांच्या गाठीतलं प्रथिन आधीच खर्ची घालून टाकलं तर? तसं औषधही काढलं गेलं, ओ-६-बेंझिलग्वानिन. प्रथिन त्याच्यावर झडप घालतं आणि फुकट जातं. अडचण एवढीच, की हे औषध रक्तातून सगळीकडे पोचतं. अस्थिमज्जेतलं आधीच बेताचं असलेलं एमजीएमटीही संपतं, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि मूळ औषधाचा डोसच कमी करावा लागतो.