साध्या वेस्टर्नचं गणित

वेस्टर्न, म्हणजे काउबॉय आणि घोड्यांचे अमेरिकी चित्रपट, म्हटलं की आपल्याकडे पटकन ‘मॅकेनाज गोल्ड’ आठवतो. पण १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडने काढलेले बहुतेक वेस्टर्न इतके भव्य नव्हते. त्यांचे गुण-दोष समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या पैशांचा हिशेब पाहायला हवा.

मंदीच्या दिवसांत प्रेक्षक टिकवण्यासाठी अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. पहिल्या, बड्या चित्रपटाच्या गल्ल्यात स्टुडिओचा हिस्सा असे. दुसरा ठरावीक भाड्याने जाई. कितीही चालला तरी मिळकत तेवढीच, म्हणून खर्चालाही आधीच वेसण. १९३५ मध्ये स्थापन झालेली रिपब्लिक पिक्चर्स याच हिशेबावर उभी राहिली. १९३० चा ‘द बिग ट्रेल’ आपटल्यावर त्याचा नायक जॉन वेन १९३९ च्या ‘स्टेजकोच’पर्यंत बहुतेक अशाच स्वस्त चित्रपटांत घोडे दौडवत होता.

हात आखडता असल्याचा फायदाही झाला. कथा तासाभरात संपवायची, त्यामुळे पाल्हाळाला जागाच नाही. लॉस एंजेलिसपासून काही तासांवर लोन पाइनजवळ अलाबामा हिल्सचे गोलसर खडक आणि मागे सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग, असा सेट उभारायचा म्हटला असता तर कंपनी बुडाली असती. याकिमा कनटसारखे स्टंटमन धावत्या घोड्यांच्या मधून खाली पडत, तेही खरोखर. आजही ते दृश्य पाहताना पोटात गोळा येतो.

दोषांचं मूळही तिथेच. खऱ्या डोंगरातून पुढच्याच क्षणी स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर. भर दुपारी फिल्टर लावून केलेली ‘रात्र’, जिच्यात सावल्या मात्र ठसठशीत. जुन्या चित्रपटांतले हल्ले पुन्हा चिकटवलेले. १९३४ पासून सेन्सॉर संहिता कडकपणे लागू झाली आणि गुन्हेगाराला शिक्षा होणारच हे ठरून गेलं; शेवटाची उत्सुकता तिथेच संपली.

मूळ रहिवासी जमातींचं चित्रण मात्र पैशांच्या तंगीवर ढकलता येणार नाही. त्यांच्याबद्दल सहानुभूती दाखवणाऱ्या, चांगलं बजेट असलेल्या ‘ब्रोकन ॲरो’तही (१९५०) अपाची नेता कोचीस झाला होता ब्रुकलिनचा गोरा नट जेफ चँडलर. प्रत्यक्षात गुरं हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं मोठ्या संख्येने होती. पडद्यावर काउबॉय जवळपास सगळे गोरे.

याच चौकटीत काय करता येतं ते दिग्दर्शक बड बॉटिकर आणि नायक रँडॉल्फ स्कॉट यांनी १९५६ ते १९६० दरम्यान दाखवलं. ‘राइड लोनसम’ जेमतेम सव्वा तासाचा, मोजकी पात्रं, तेच लोन पाइनचे खडक. फरक खलनायकात. ‘द टॉल टी’मधला रिचर्ड बून नायकाशी गप्पा मारायला आसुसलेला असतो, आणि खरं सांगायचं तर स्कॉटपेक्षा तोच जास्त लक्षात राहतो.

तोवर बाजार मात्र उठत आला होता. १९५५ मध्ये ‘गनस्मोक’ ही वेस्टर्न मालिका टीव्हीवर सुरू झाली ती १९७५ पर्यंत चालली. तिकीट काढून पाहायचा तो साधा वेस्टर्न आता घरात फुकट मिळू लागला होता.