काम एका देशात, बाळंतपण दुसऱ्यात: सीमेवरच्या विम्याची पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये राहायचं आणि रोज सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला जायचं, अशा घरात दिवस गेल्याचं कळलं की आनंदापाठोपाठ प्रश्न येतात. तपासण्या कुठे करायच्या, बाळंतपण कुठे आणि बिल कोण भरणार? उत्तर मिळतं, पण ते ज्या नियमांतून येतं ते मुळात कामगारासाठी लिहिले गेले. त्याच्या बायकोचा नंबर बराच नंतर लागला.

युरोपातल्या सहा देशांनी १९५८ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम केला, तेव्हा समोर होते ते परदेशी खाणींत आणि पोलाद कारखान्यांत राबणारे पुरुष. रोज ये-जा करणाऱ्यांसाठी १९६३ मध्ये वेगळा नियम आला. १९७१ च्या १४०८ क्रमांकाच्या नियमाने सगळं एकत्र आणलं: जिथे काम, तिथला विमा. कामगाराला दोन्ही देशांत उपचार मिळत. कुटुंबीयांना मात्र कामाच्या देशात उपचार हवे असतील, तर तातडीची वेळ सोडता, दोन देशांत करार हवा किंवा आधी परवानगी काढायला हवी. म्हणजे हप्ता नवऱ्याच्या पगारातून तिकडे कापला जाणार आणि त्याच गावच्या इस्पितळात नाव घालायला बायकोने परवानगीची वाट बघायची! हा उघड अन्याय होता. मे २०१० पासून नवा नियम लागू झाला आणि ही अट बरीच सैल झाली, तरी काही देशांनी कुटुंबीयांपुरता अपवाद राखलाच.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तो या चौकटीत आला तो संघाशी झालेल्या करारामुळे, जून २००२ मध्ये. फ्रान्समध्ये राहणाऱ्याला तिथे नोकरी लागल्यापासून तीन महिन्यांत स्विस किंवा फ्रेंच विमा निवडता येतो. पूर्वी फ्रान्समधला खासगी विमाही चालत असे. ती सोय २०१४ मध्ये संपली. स्विस विम्यात हप्ता माणशी लागतो, न कमावणाऱ्या जोडीदाराचा आणि तान्ह्या बाळाचाही. हा विमा घेतला की विमा कंपनीकडून 'एस-वन' फॉर्म (एका देशातल्या विम्यावर राहत्या देशात उपचार मिळवून देणारा कागद) मागून घ्यायचा आणि राहत्या गावच्या फ्रेंच विमा कार्यालयात नोंदवायचा. मग फ्रान्समधली सुईण आणि डॉक्टर तिथल्या दराने मिळतात.

पगारी रजेची कथा याहून लांबलेली. मातृत्व विम्याची तरतूद स्विस राज्यघटनेत १९४५ मध्ये आली, पण १९९९ च्या सार्वमतात लोकांनी तो नाकारला आणि २००४ मध्ये स्वीकारला. जुलै २००५ पासून चौदा आठवडे ८० टक्के पगार मिळू लागला. सीमेपलीकडून येणाऱ्या नोकरदार बाईलाही तो हक्क आहे.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी इथे एक मोठा फरक आहे. युरोपीय संघाने २००३ मध्ये हे नियम बिगर-युरोपीय कामगारांनाही लागू केले. त्यामुळे फ्रान्समध्ये कायदेशीर वास्तव्य असलेला आणि लक्झेंबर्गला कामाला जाणारा मराठी माणूस त्यांत बसतो. स्वित्झर्लंडशी झालेल्या करारात मात्र हा विस्तार नाही. नोकरी करणारा युरोपीय नागरिक असेल तर त्याची भारतीय बायको कुटुंबीय म्हणून करारात येते. दोघंही भारतीय असतील, तर विम्याचं उत्तर नोकरी स्वीकारण्याआधीच लेखी मागून घ्यावं लागतं.