साठवलेला विद्युतभार सुटतोय की पायरोइलेक्ट्रिक परिणाम आहे?

पॉलिमरची पातळ फिल्म दोन इलेक्ट्रोडमध्ये धरून, बॅटरी न जोडता नुसती तापवली तरी इलेक्ट्रोमीटरवर (अगदी बारीक प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) काही पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागाइतका, प्रवाह दिसू शकतो. प्रोजेक्ट करणारी एमएस्सीची पोरं इथेच अडकतात, कारण आलेख दोन्ही बाबतींत सारखाच वर चढतो.

पहिला प्रकार थर्मली स्टिम्युलेटेड डिस्चार्ज, म्हणजे तापवून साठलेला भार सोडवणं; बोलीभाषेत टीएसडी. यात भार आपणच भरलेला असतो. पीएमएमए, म्हणजे आपलं अ‍ॅक्रिलिक, १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. त्या सुमाराला जोरदार विद्युतक्षेत्र लावलं की रेणूंचे द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार असलेले भाग) क्षेत्राच्या दिशेने वळतात, काही भार पदार्थातल्या सापळ्यांत, म्हणजे तो अडकून बसतो अशा जागांत, अडकतो. क्षेत्र तसंच ठेवून थंड करा, सगळं जागच्या जागी गोठतं. झाला इलेक्ट्रेट, म्हणजे विद्युतभार धरून ठेवणारा पदार्थ. मग क्षेत्र काढून मिनिटाला दोन-तीन अंशांनी तापवत नेलं की द्विध्रुव विस्कटतात, अडकलेला भार सुटतो आणि आलेखावर शिखर उमटतं. शिखर जितक्या जास्त तापमानाला, तितका भार सहसा खोल अडकलेला.

दुसरा प्रकार पायरोइलेक्ट्रिक, थोडक्यात पायरो: तापमान बदललं की पदार्थाचं ध्रुवीकरण बदलतं आणि त्यातून प्रवाह येतो. याचं उदाहरण पीव्हीडीएफ हे पॉलिमर. पोल केलेल्या (जोरदार क्षेत्र लावून द्विध्रुव एका दिशेला वळवलेल्या) फिल्मच्या स्फटिकांतलं ध्रुवीकरण टिकाऊ असतं. तापल्यावर ते किंचित घटतं, निवल्यावर पूर्ववत होतं.

फरक ओळखायला तापवणं मध्येच थांबवा. तापमान स्थिर झालं की पायरोचा प्रवाह शून्यावर येतो; टीएसडीचा मात्र हळूहळू ओसरतो. आता थंड करा: पायरोचा प्रवाह उलट्या दिशेने वाहतो. आणि पूर्ण तापवून झालेलं सॅम्पल दुसऱ्यांदा तापवलं तर टीएसडीत जवळपास काहीच येत नाही. वसूल झालेली उधारी पुन्हा कोण देणार!

खरी पंचाईत पीव्हीडीएफचीच, कारण त्यात दोन्ही एकत्र मिसळलेले असतात. म्हणून आधी काही वेळा तापवून-निववून अडकलेला भार काढून टाकायचा. मग दर फेरीला तेवढाच येतो तो पायरो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की आणखी एक भानगड. बिनएसीच्या खोलीत ठेवलेल्या इलेक्ट्रेटमधला उथळ भार मोजण्याआधीच निसटायला लागतो, सुरुवातीचा आलेख हातचा जातो. आणि कूलर लावला तर दमट हवेने सॅम्पलच्या पृष्ठभागावरून गळती वाढते; पिकोअँपिअरमध्ये ती लगेच जाणवते. सॅम्पल निर्वात चेंबरमध्ये जाईपर्यंत तरी कूलर बंदच ठेवा, घाम आला तर येऊ द्या.