चौदा-दोन की पंधरा-दोन? चीफ्सच्या दोन सारख्या दिसणाऱ्या हंगामांची गोष्ट

भारतात सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, पाहायचा तर सोमवारी पहाटे पाचचा गजर लावावा लागतो. १० फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी मी तसाच उठून बसलो होतो. मध्यंतरापर्यंत चहाचा दुसरा कप संपला होता आणि स्कोअर होता ईगल्स २४, चीफ्स ०. कॅलिफोर्नियातल्या मेहुण्याचा मेसेज आला, ‘सेम २०२० ची फायनल.’ मी उत्तर दिलं, ‘२०२० ची फायनल तर आपण जिंकलो होतो!’ लगेच दुसरा मेसेज, ‘नाही ओ दाजी, त्याच्या पुढची.’

आम्ही दोघंही बरोबर होतो, आणि या विषयातला पहिला घोळ हाच आहे. एनएफएलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि अंतिम सामना पुढच्या वर्षी फेब्रुवारीत होतो. कॅन्सस सिटी चीफ्सनी २ फेब्रुवारी २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोला ३१-२० हरवलं, पण तो २०१९ च्या हंगामाचा शेवट होता. २०२० चा हंगाम ते गतविजेते म्हणून खेळले आणि त्याचा शेवट ७ फेब्रुवारी २०२१ ला झाला, टॅम्पा बेकडून ३१-९ असा मार खाऊन. म्हणून ‘२०२० चा सुपर बोल’ असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, तारखेचं २०२० की हंगामाचं? (आणखी एक घोळ जाता जाता सोडवून टाकतो. कॅन्सस सिटीचा हा संघ कॅन्ससमध्ये नाही, शेजारच्या मिसूरी राज्यात खेळतो.)

दुसरा घोळ याहून चिवट आहे. चीफ्सनी गतविजेते म्हणून खेळून फायनलला गमावलेले दोन हंगाम, २०२० आणि २०२४, कागदावर जुळ्या भावांसारखे दिसतात. २०२० मध्ये १४ विजय, २ पराभव. २०२४ मध्ये १५ विजय, २ पराभव. मधल्या काळात साखळी सामने १६ चे १७ झाले, म्हणून एक विजय जास्त. दोन्ही वेळा दोनांपैकी एक पराभव शेवटच्या, काहीच पणाला नसलेल्या सामन्यातला. मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली होती, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा समोरच्यांनी बरोबर ३८ गुण चढवले. दोन्ही वेळा उपांत्य फेरीत घरच्या ॲरोहेड मैदानावर बफेलो बिल्सना हरवलं. दोन्ही वेळा फायनलमध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, पॅट्रिक महोम्स जिवाच्या आकांताने पळत होता आणि त्याचे दोन-दोन पास समोरच्यांनी पकडले. प्रशिक्षक अँडी रीड तेच, बचावाची सूत्रं स्टीव्ह स्पॅग्न्युओलोकडे तीच, पास झेलणारा ट्रॅव्हिस केल्सी तोच. माणसं गोंधळतात त्यात नवल नाही.

तरी माझं मत असं की हे दोन पराभव एका जातीचे नाहीत. २०२० चा संघ खरोखर बलाढ्य होता आणि फायनलला येईपर्यंत त्याचा एक अवयव निकामी झाला होता. २०२४ च्या संघाला तोच अवयव हंगामभर धड लाभला नाही. तो ठिगळं लावत पंधरा सामने जिंकला. हा अवयव म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन.

आधी ती काय असते ते सांगतो, कारण टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि हे पाच जण दिसतच नाहीत. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात आला की त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांना अडवणं हे यांचं काम. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. डावा टॅकल सगळ्यांत महत्त्वाचा मानतात, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच्याकडे असते. समोरून सहसा चौघे धावून येतात. त्यांना पाच जण थोपवू शकले तर बाकीचा खेळ सुरू होतो. प्रतिस्पर्ध्याला दबाव वाढवायचा असेल तर तो पाचवा, सहावा माणूस पाठवतो. त्याला ब्लिट्झ म्हणतात. पण जितके पुढे पाठवाल तितके मागे पास अडवायला कमी उरतात. महोम्ससारख्या माणसाला तेवढी फट पुरते. त्यामुळे त्याला हरवायचा एकच खात्रीचा मार्ग, चौघांतच काम भागवायचं आणि मागे सात जण ठेवायचे. सांगायला सोपं, जमायला महाकठीण.

आता २०२० ची लाइन पाहू. उजव्या गार्डच्या जागेचा लोरां दुव्हर्ने-टार्डिफ मुळात डॉक्टर. कोविड आला तेव्हा त्याने त्या वर्षी खेळायचंच नाही असं ठरवलं आणि क्युबेकमध्ये वृद्धांच्या काळजी केंद्रात कामाला गेला. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने मध्येच बाहेर. उरला डावा टॅकल एरिक फिशर, तर बिल्सविरुद्धची उपांत्य लढत जवळपास खिशात असताना त्याच्या टाचेची शीर तुटली. फायनलला उजवीकडचा माइक रेमर्स डावीकडे आला आणि गार्ड अँड्र्यू वायलीला उजवा टॅकल केलं. हंगामाच्या सुरुवातीला ठरलेल्या पाचांपैकी आपल्या जागेवर उभा होता एकटा सेंटर.

टॅम्पाचे बचाव-प्रशिक्षक टॉड बोल्स ब्लिट्झसाठीच ओळखले जायचे. त्या रात्री त्यांनी आपला आवडता डाव जवळपास गुंडाळून ठेवला. दोन सेफ्टी, म्हणजे लांबचे पास अडवणारे राखणदार, खोल मागे, पुढे चौघे, बस्स. नोव्हेंबरमध्ये याच मैदानावर याच टॅम्पाविरुद्ध चीफ्सच्या टायरीक हिलने एकट्याने २६९ यार्ड काढले होते, त्यातले २०३ तर पहिल्या क्वार्टरमध्येच, आणि वर दोन बोटं दाखवून ‘येतो हां’ अशी टोपी उडवली होती. ती चूक टॅम्पाने पुन्हा केली नाही. फायनलच्या उत्तरार्धात अँटवान विनफील्ड ज्युनियरने हिलच्या तोंडापुढे तीच दोन बोटं नाचवली. दंड भरावा लागला असेल, पण हिशेब चुकता झाला.

त्या सामन्यातला एक क्षण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी. महोम्स मागे मागे पळतोय, पायाला एक जण लटकलेला, शरीर जमिनीला समांतर झालंय, आणि खाली आपटायच्या आधी त्या अधांतरी अवस्थेतून त्याने चेंडू फेकला. तो थेट गोलपट्टीत उभ्या डॅरेल विल्यम्सच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला. हातात नाही, जाळीवर. पकडला असता तर वर्षानुवर्षं दाखवत बसले असते. पास निसटल्यामुळे पाटीवर त्याची नोंद ‘अपूर्ण’ एवढीच. चेंडू हातातून सुटेपर्यंत किंवा सॅक होईपर्यंत (म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा पाडला जाईपर्यंत) महोम्स त्या रात्री एकूण ४९७ यार्ड धावला असं मोजमाप नंतर आलं. म्हणजे जवळजवळ पाच मैदानं, आणि तीही बहुतेक मागे. सॅक मात्र तीनच. पायाच्या अंगठ्याची दुखापत घेऊन पंचवीस वर्षांचा पोरगा निसटत राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

चीफ्सनी दोष दुसऱ्या कुणावर ढकलला नाही. पहिल्या अर्धात त्यांनीच ८ पेनल्टी आणि ९५ यार्ड टॅम्पाला आंदण दिले होते. समोर ४३ वर्षांचा टॉम ब्रॅडी होता, त्याला आयतं दिलेलं तो परत करत नाही. पण व्यवस्थापनाने खरा रोग ओळखला. मार्च २०२१ मध्ये फिशर आणि श्वार्ट्झ दोघांना एकाच दिवशी मोकळं केलं. न्यू इंग्लंडहून गार्ड जो थूनी आणला, बाल्टिमोरकडून डावा टॅकल ऑर्लँडो ब्राऊन घेतला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सेंटर क्रीड हम्फ्री आणि गार्ड ट्रे स्मिथ उचलले. औषध लागू पडलं का? फेब्रुवारी २०२३ च्या फायनलमध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते. त्यांनी त्या हंगामात साखळीत ७० सॅक काढले होते. फायनलमध्ये काढले शून्य. चीफ्स ३८-३५ जिंकले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला जादा वेळेत २५-२२ हरवून त्यांनी चषक राखलाही.

म्हणजे २०२४ ला ते नुसते गतविजेते नव्हते, दोनदा लागोपाठचे गतविजेते होते. सुपर बोल सलग तीनदा कुणीच जिंकलेला नाही. ग्रीन बेने १९६५ ते १९६७ सलग तीन अजिंक्यपदं घेतली, पण त्यातलं पहिलं सुपर बोल सुरू व्हायच्या आधीचं. २०२० ला ओझं ‘पुन्हा एकदा’ एवढंच होतं; २०२४ ला इतिहासाचं.

आणि तो हंगाम काय विचित्र! सलामीलाच बाल्टिमोरच्या आयझाया लाइकलीने शेवटच्या सेकंदाला गोलपट्टीत चेंडू झेलला, पंचांनी टचडाउन, म्हणजे सहा गुण, दिलं, मग रिप्लेत दिसलं की त्याच्या बुटाचं टोक पांढऱ्या रेषेवर होतं. चीफ्स २७-२० जिंकले. पुढच्याच आठवड्यात सिनसिनाटीविरुद्ध शेवटच्या किकवर २६-२५. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरला जिंकायला ३५ यार्डांची सोपी किक हवी होती. लिओ शेनॉलने हात वर करून ती अडवली, १६-१४. रेडर्स १७-१९ ने मागे, किकच्या टप्प्यात आलेले, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकचं लक्ष नसताना सेंटरने चेंडू सोडला. नंतर चार्जर्सविरुद्ध चीफ्सच्या बदली किकरचा चेंडू डाव्या खांबाला ठण्णकन् लागून आत गेला, १९-१७. आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘यांची पत्रिका दाखवा कुणाला तरी.’

१५ पैकी ११ विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांचे. यावरून कुणी म्हणेल, बघा, २०२० दणक्यात जिंकले आणि २०२४ नशिबावर. मीही हे बरेच दिवस छातीठोक सांगत होतो. मग २०२० चे निकाल पुन्हा काढून बसलो तर तिथेही सात विजय सलग सहा किंवा त्याहून कमी गुणांचे निघाले! कॅरोलायना ३३-३१, अटलांटा १७-१४, सगळे तसलेच. एकूण गुणफरक पाहिला तर २०२० ला अधिक १११ आणि २०२४ ला अधिक ५९. दरी मोठी वाटते. पण दोन्हीकडचा तो शेवटचा राखीव खेळाडूंचा सामना वजा करा: १२८ आणि ९७. दरी आहे, पण मी समजत होतो तेवढी नाही.

फरक आकड्याच्या आत आहे. २०२० ला ते आघाडी घ्यायचे आणि मग सैल पडायचे. टॅम्पाविरुद्ध पहिल्या क्वार्टरअखेर १७-०, शेवटी २७-२४. मायामीविरुद्ध ३०-१० वरून ३३-२७. गृहपाठ संपवून खेळायला पळणाऱ्या हुशार मुलासारखं. हल्ला यार्डांत लीगमध्ये पहिला, महोम्सचे ३८ टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), केल्सीचे १,४१६ यार्ड. २०२४ ला महोम्सचे २६ आणि ११, केल्सीचे ८२३. हिल २०२२ मध्येच मायामीला गेलेला, त्यामुळे खोल पासची दहशत संपलेली. पास झेलणाऱ्या राशी राइसचा गुडघा चौथ्या आठवड्यात गेला. हा संघ आघाडी घेऊन सैल पडत नव्हता. तो घासून घासून, बचावाच्या जोरावर, शेवटच्या मिनिटापर्यंत श्वास रोखून जिंकत होता.

आणि पुन्हा तीच डावी बाजू. २०२४ ला डाव्या टॅकलला आधी नवखा किंग्सले सुआमाटाया, मग वान्या मॉरिस, मग डी. जे. हम्फ्रीज. कुणीच टिकेना तेव्हा डिसेंबरमध्ये जो थूनीला गार्डवरून टॅकलला सरकवलं. म्हणजे २०२१ च्या फायनलनंतर जे भोक बुजवायला त्याला आणलं होतं, चार वर्षांनी त्याच्याच शेजारच्या भोकावर त्याला बसवलं. गडी गुणी, त्याने महिनाभर निभावलंही. उपांत्य फेरीत बिल्सना ३२-२९ काढलं.

फायनलला ईगल्सचे बचाव-प्रशिक्षक होते विक फँजिओ. बोल्सनी ब्लिट्झ कमी केला होता. फँजिओंनी तो एकदाही केला नाही. महोम्स पास टाकायला मागे सरकला तेवढ्या सगळ्या वेळा फक्त चौघे. तरीही सहा सॅक, त्याच्या कारकिर्दीत एका सामन्यातले सर्वाधिक. दुसऱ्या क्वार्टरमध्ये उजवीकडे पळता पळता त्याने फेकलेला चेंडू कूपर डीजीनने मधेच घेतला आणि ३८ यार्ड पळत टचडाउन केला. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. मध्यंतरापर्यंत चीफ्सचे एकूण यार्ड किती? २३. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० झालं. पुढचे तीन टचडाउन हे हरलेल्या सामन्यातले; ४०-२२ हा निकाल ३१-९ पेक्षा चार गुणांनी बरा दिसतो, पण जिवंत पाहिलेला कुणी तसं म्हणणार नाही. टॅम्पाविरुद्ध निदान दरवेळी वाटायचं, हा आता काहीतरी करेल. न्यू ऑर्लिन्सला झालेल्या या फायनलमध्ये एकदाही वाटलं नाही.

मार्च २०२५ मध्ये थूनीला शिकागोला देऊन टाकलं. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत चीफ्सनी जॉश सिमन्स निवडला. जागा: डावा टॅकल.