पोळी चालेल, पण आमटीत बुडवून नको

सत्यनारायणाच्या दिवशी आईने प्रसादाच्या शिऱ्याची अख्खी मूद आमच्या कुत्र्यापुढे, बंड्यापुढे ठेवली आणि मी ओरडेपर्यंत त्याने ती गिळलीसुद्धा. शिऱ्यात मनुके होते ना! आई म्हणाली, गावची कुत्री उष्ट्यावरच जगली की रे आयुष्यभर.

आता आईचं अर्धं बरोबरच आहे. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांचे जीन्स ताडून पाहिले तर स्टार्च पचवणाऱ्या जीनच्या लांडग्यात 2 कॉपी आणि कुत्र्यात 4 ते 30, म्हणजे माणसाच्या ताटाशेजारी बसून बसून गडी बदललाय. त्यामुळे पोळीचा तुकडा, साधा भात, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन (हाडं काढून हां), गाजर, थोडं थोडं द्या, काही होत नाही.

लोचा आमटीत आहे. द्राक्षं-मनुक्यांनी कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते हे डॉक्टरांना 2001 च्या आसपासच कळलं होतं, पण नेमकं कशाने ते कळेना, एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत आणि दुसरा थोडक्यातच आडवा. मग 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी एका विचित्र केसबद्दल लिहिलं, कुत्र्याने पोरांची खेळायची घरगुती कणीक खाल्ली होती आणि त्रास सेम द्राक्षांसारखा. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं (टार्टारिक ॲसिडचीच पांढरी आंबट पूड, केकबिकमध्ये घालतात ती), तिथून संशय गेला टार्टारिक ॲसिडवर. द्राक्षात ते जातीनुसार, पिकण्यानुसार कमीजास्त असतं, म्हणून तो गोंधळ. आणि आपल्या स्वयंपाकघरात हे ॲसिड ठासून भरलंय कशात? चिंचेत! चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच त्रास झालेला आहे.

वर फोडणीत कांदा. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला तरी फरक नाही. वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा धोक्याचा, म्हणजे 10 किलोच्या बंड्याला दोन मध्यम कांदे पुरे. त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो, तोवर काय खाल्लं होतं ते कोणाच्या लक्षातही नसतं.

बंड्याला तसाच उचलून डॉक्टरकडे नेला. लक्षणांची वाट बघत बसायचं नाही आणि घरी मिठाचं पाणी तर अजिबात पाजायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. आईने पदर नाकाला लावून स्वतः मोजले. सात मनुके.