हिरवा फायबर कनेक्टर निळ्यापेक्षा वेगवान असतो का?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतही फायबर इंटरनेटबद्दल हा सल्ला ऐकू येतो: 'फायबरचं टोक निळं असेल तर हिरवं बसवून घ्या, स्पीड वाढेल.'

स्पीड वाढत नाही. घरी येणारे हे दोन्ही कनेक्टर बहुधा 'SC' नावाच्या प्रकारचे, चौकोनी, ढकलून बसणारे. आत अडीच मिलिमीटर जाडीची पांढरी सिरॅमिक नळी असते. निळ्यात तिचं टोक जवळजवळ सरळ घासलेलं, हिरव्यात 8 अंशांनी तिरकं. रंग एवढंच सांगतो. तिरकसपणामुळे सांध्यावर परावर्तित झालेला प्रकाश आल्या वाटेनं मागे न जाता बाहेर निसटतो. त्याच फायबरवरून टीव्हीचा सिग्नल येत असेल तर हे फार मोलाचं. डेटाचा वेग मात्र प्लॅन आणि दोन्ही टोकांची यंत्रं ठरवतात.

उलट, हिरवं टोक निळ्या सॉकेटात बसतं आणि तिथेच घात होतो: मध्ये फट राहते, सिग्नल घटतो, टोकही खराब होऊ शकतं. म्हणून सॉकेटचा रंग बघूनच जोडा.

खात्री करायची तर मोडेमच्या सेटिंगमध्ये 'आरएक्स पॉवर', म्हणजे मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. जीपॉन (घरगुती फायबरचं एक तंत्र) जोडणीत तो आकडा साधारण उणे 8 ते उणे 27 डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक) हवा. तो ठीक असेल तर लॅपटॉप लॅन केबलनं जोडून स्पीड मोजा. तिथे पूर्ण आणि मोबाइलवर कमी आला, तर अडचण वायफायची आहे.

आणि कृपा करून उघड्या टोकात डोकावू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो. दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.